सोलारिसच्या गळ्यातला हार

चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर माणूस कोण आहे ते त्याच्या टीशर्टवरून ठरतं. खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं असेल तर सिक्युरिटीवाले नुसती मान हलवतात आणि आत सोडतात. नसेल तर रजिस्टरमध्ये सही, आत फोन, बॅग उघडा, आणि मग बाजूच्या बाकावर बसा. त्या महिन्यांत मी रोज कुठल्या ना कुठल्या गेटवर त्या बाकावर बसायचे. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, पाठीला जुन्या लॅपटॉपची बॅग.

"कोणी पाठवलं?"

"सर्व्हरचं काम बघतात त्या मॅमनी."

"मग त्या कधी येणार?"

"त्या नाही येणार. मीच आलेय."

यावर सिक्युरिटीवाला एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या चपलांकडे बघायचा.

मॅमची फर्म लहान. चाकणला एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खालून दिवसभर मिसळीच्या तर्रीचा वास. आसपासच्या कारखान्यांत जे सर्व्हर असतात, म्हणजे बाकीच्या सगळ्या कॉम्प्युटरांना आणि प्रिंटरांना काम पुरवणारी मोठी मशीनं, ती सांभाळायचं काम. मॅमनी मला ठेवताना स्वच्छ सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत बघू. जमलं तर तू आमची. नाही जमलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही." मी मान हलवली होती. पण नाही जमलं तर मला परत वायरींच्या लाइनवर जावं लागणार होतं, तेही तिथे जागा उरली असेल तर. नाही तर हिंगोलीकडे, आमच्या गावी. तिथे माझ्यासाठी काय ठेवलेलं होतं ते मला पाठ होतं.

माझी शाळा नववीनंतर सुटली. गावात पुढचा वर्ग नव्हता आणि वडिलांच्या आजारपणात तालुक्याला रोज पाठवणार कोण. मग ओळखीच्या एका बाईबरोबर इकडे आले आणि चाकणला हार्नेसच्या लाइनवर लागले. गाडीतले दिवे, हॉर्न, काचा ज्या वायरींवर चालतात त्यांची मोठी जुडी म्हणजे हार्नेस. लाकडी बोर्डावर खिळे, खिळ्यांतून रंगीत वायरी, आणि प्रत्येक वायरीचं टोक त्याच्या ठरलेल्या भोकात. लाइनवर पहिल्या दिवशी जे शिकवतात ते शेवटच्या दिवसापर्यंत सुटत नाही: ढकल, टिक ऐक, ओढून बघ. टोक आत ढकलायचं, बसल्याचा टिक असा आवाज ऐकायचा, आणि तरीही एकदा हलकं ओढून बघायचं. नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. शिवाय वायरीचा रंग तोंडानं मोठ्यानं म्हणायचा. आम्ही सगळ्या दिवसभर म्हणत असायचो, लाल, पिवळी-काळी, हिरवी. बाहेरून कोणी आलं तर त्याला वाटायचं आरती चाललीय.

मॅम मला तिथेच भेटल्या. आमच्या टेस्टिंगच्या बोर्डाला जोडलेला कॉम्प्युटर अडला आणि लाइन थांबली. बाकीच्या बायका चहाला पळाल्या. मी राहिले, कारण काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं मी कधी बघितली नव्हती. मॅम उभ्या उभ्याच दोन शब्द टाइप करायच्या आणि पडदाभर उत्तर यायचं. परत एक शब्द, परत उत्तर.

मी विचारलं, "तुम्ही त्याला काय विचारलं?"

त्यांनी वळून बघितलं. "विचारलं म्हणालीस?"

मला वाटलं, चुकलं. "सॉरी मॅम."

"अगं सॉरी काय. सगळे म्हणतात, काय केलं. विचारलं कोणी म्हणत नाही." आणि चहा संपेपर्यंत त्यांनी मला सांगितलं, की या मशीनमध्ये विंडोजऐवजी लिनक्स आहे. माऊस नसला तरी चालतो, नुसतं लिहून बोलायचं, आणि विचारता आलं तर ते स्वतःचं दुखणं स्वतः सांगतं.

मशीन स्वतःचं दुखणं सांगतं. हे ऐकून मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. त्या दिवशी मी बसमध्ये खिडकीजवळ बसले आणि आंबेठाण चौकातली ट्रॅफिक मला पहिल्यांदाच आवडली.

पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा मी प्रश्न जमवून ठेवले होते. त्याच्या पुढच्या वेळी त्यांनी एक जुना लॅपटॉप आणला. त्याचं एक बटण निघालेलं होतं, पण लिनक्स होतं. "हे बिघडव आणि परत उभं कर. मला फोन करायचा नाही," म्हणाल्या. मी बिघडवलं. पहिल्याच रविवारी असं बिघडवलं, की ते चालूच होईना. रडू आलं. मग घरमालकीण काकूंच्या मोबाइलवर आणि माझ्या मोबाइलवर, दोन्हीकडे बघत बघत संध्याकाळपर्यंत उभं केलं. चऱ्होलीला आमची खोली गच्चीवर होती. मी गच्चीभर नाचले, तेव्हा खालून काकूंचा आवाज आला, "काय गं पोरी, नोकरी लागली व्हय?"

"नाही काकू, लॅपटॉप उठला."

"उठला तर उठू दी. माजा स्लॅब नगं बसवू."

इंग्रजीची अडचण होतीच. माझं इंग्रजी मराठी शाळेतलं आणि नववीत थांबलेलं. पण या मशीनमध्ये प्रत्येक आज्ञेची माहिती आतच लिहिलेली असते. 'मॅन' असं लिहून पुढे आज्ञेचं नाव लिहिलं, की पानंच्या पानं समोर येतात. मी एकेका शब्दाचा अर्थ मोबाइलवर बघत वाचायचे. एका पानाला कधी पूर्ण सुट्टी जायची. हळूहळू लक्षात आलं, की या पानांतले शब्द तेच ते आहेत. वर्तमानपत्राचं इंग्रजी मला अजून येत नाही, पण मॅनच्या पानाचं येतं.

लिनक्सवर हात बसायला लागला तोवर मॅमनी मला ऑफिसात घेतलं होतं. तिथे त्यांनी दुसरं मशीन पुढ्यात ठेवलं. "यात फ्रीबीएसडी आहे. लिनक्सच्याच घराण्यातलं म्हण. युनिक्सची सगळी पिलावळ." मी बसले, आणि पंधरावीस आज्ञा ओळखीच्या निघाल्या म्हणून फुशारले, आणि पुढची आज्ञा दिली तर मशीन म्हणालं, हे काय ते मला माहीत नाही. नेटवर्कची माहिती विचारायचा शब्द वेगळा. नेटवर्क कार्डांची नावं वेगळी. जी आज्ञा चालली तिलाही पुढे जोडायची अक्षरं वेगळी. आत्ता कुठे एक आलं होतं, तर हे दुसरंच.

त्या दिवशी खोलीवर मी आणि माझी रूममेट, ती रत्नागिरीकडची, भाजी कशी करायची यावरून भांडत होतो. मी शेंगदाण्याचा कूट घालायचा म्हणत होते, ती ओलं खोबरं. मी म्हणाले, "कामून गं, कूट काय वाईट आहे?" ती म्हणाली, "कामून काय, आधी मराठी बोल." तेवढ्यात काकू वर आल्या, म्हणाल्या, "दोगी बी गप बसा, काळा मसाला टाकल्याबिगर चव न्हाई." तिघी मराठीच बोलत होतो आणि तिघींना एकमेकींचं कळत होतं. मला एकदम हसू आलं. रूममेटला वाटलं मी तिला हसते. मी म्हटलं, नाही गं, फ्रीबीएसडीला हसते. आमच्या तिघींसारखंच आहे ते. पातेलं तेच, चूल तीच. फक्त आधी विचारायला पाहिजे, तुझं गाव कोणतं.

इकडे नवीन माणूस भेटला की सगळे तेच विचारतात. नाव नंतर. "गाव कोणतं?" कारण सगळेच कुठून ना कुठून आलेले. मीही तेच धरलं. कुठल्याही मशीनसमोर बसले की पहिली आज्ञा 'यूनेम', म्हणजे तू कोण आणि कुठलं. उत्तर आलं की मगच पुढचं बोलायचं.

मॅम चहा पिता पिता मला या गावांच्या गोष्टी सांगायच्या आणि मी भुकेल्यासारखी ऐकायचे. मशीन कितपत जागं ठेवायचं याच्या पातळ्यांना नंबर असतात; लिनक्सवर पाच नंबरची पातळी मागितली तर मशीन चित्रं-खिडक्यांसकट पूर्ण जागं होतं. जुन्या सोलारिसवर, तेही युनिक्सच्याच पिलावळीतलं, तोच पाच नंबर मागितला तर मशीन थेट बंद. लिनक्सवर 'किलऑल' म्हणून पुढे एखाद्या प्रोग्रामचं नाव दिलं, की तेवढाच प्रोग्राम थांबतो.

"आणि सोलारिसवर?" मी विचारलं.

"सोलारिसवर किलऑल म्हणजे सगळेच मारायचे. ते विचारत नाही कोणाला मारू."

मला भीतीही वाटली आणि आनंदही झाला. एका शब्दानं इकडे एक दिवा विझतो, तिकडे अख्खं गाव. आईला फोनवर सांगायला गेले तर ती म्हणाली, "तू काम काय करतीस ते एकदा नीट सांग, बाया विचारतात." मी म्हणाले, "मशीनशी बोलते." आई म्हणाली, "बायांना मी काहीतरी दुसरं सांगते."

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी या पट्ट्यातला प्रत्येक कारखाना धुतला-पुसला जातो. प्रेस, लेथ, वेल्डिंगची गन, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचा हार. मॅमना एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत जायचं होतं. तिथे गोडाऊनमध्ये एक जुना सर्व्हर होता, पेट्यांवर लावायची लेबलं छापण्याचं काम त्याच्याकडे. पूजेच्या वेळात विजेचं पॅनल बदलणार होते, म्हणून तो रीतसर बंद करून परत चालू करून द्यायचा होता. पण सकाळीच मॅमचा फोन आला. दुसरीकडचं काहीतरी बंद पडलं होतं. "तू जा," म्हणाल्या. "एकटी?" "मग काय वरात नेणार?"

गेटवर नेहमीसारखी बाकावर बसले. मग मेंटेनन्सचे एक काका घ्यायला आले. इथल्याच जुन्या गावातले, कपाळाला ठसठशीत कुंकू.

"मॅडम न्हाई आल्या?"

"नाही काका. मी आलेय."

गोडाऊनपर्यंत ते सारखे मोबाइलकडे बघत होते. सर्व्हर कोपऱ्यात, लोखंडी कपाटात. त्याच्या अंगावर वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाचे थर.

"ताई, मी हितं लागल्यापासनं ह्ये कदी बंद झालेलं न्हाई," काका म्हणाले. "चालू मशीनलाच हार घालायचो आमी. औंदा पॅनल हाय म्हणून. बंद केल्यावर परत उठंल न्हवं? बाहेर ट्रक उभे हायेत. लेबल न्हाई तर माल न्हाई जात."

"उठेल," मी म्हणाले. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटला. मनात हेच, की हे उठलं नाही तर दिवाळीपर्यंत बघायची गरजच नाही.

कीबोर्डसमोर बसले. यूनेम. उत्तर आलं आणि मी पडद्याजवळ सरकले. सोलारिस. इतके दिवस नुसतं ऐकलेलं, फोटोतल्या पाहुण्यासारखं, ते आज समोर. भीती विसरून मी त्याला चार गोष्टी विचारूनही घेतल्या. किती दिवस चालू आहेस, आत कोण कोण काम करतंय. उत्तरं जुन्या माणसासारखी, सावकाश, पण चोख.

आता आधी लेबलचा प्रोग्राम थांबवायचा. लाइनवरची सवय म्हणून मी जे टाइप करते ते तोंडानं म्हणते. बोटं पुढे गेली आणि तोंडातून आलं, "किलऑल..."

मीच ऐकलं. हात उचलले. बोटांना रोज लिनक्सची सवय, त्यांनी गाव विचारलंच नव्हतं. एकेक अक्षर मागे खोडलं.

"काय झालं?" काका.

"काही नाही. भलत्या भोकात वायर चालली होती."

मॅनचं पान उघडलं, त्याच मशीनचं, त्याच्याच भाषेतलं. सावकाश वाचलं. प्रोग्राम त्याच्या रीतीनं थांबवला, थांबला का ते बघितलं, मग मशीन बंद केलं. पंखे हळूहळू गप्प झाले. गोडाऊनमध्ये एवढी शांतता पडली, की लांबचे कामगारही वळून बघायला लागले.

इलेक्ट्रिशियन पॅनलला भिडले. इकडे पूजा. नारळ फुटले, फोर्कलिफ्टच्या दोन्ही दांड्यांना आंब्याची पानं. आणि सगळ्यांत जाड हार काकांनी सर्व्हरसाठी ठेवला होता. कपाटाचं दार उघडून त्यांनी तो त्याच्या पुढच्या बाजूला असा भरगच्च बांधला, की मशीन दिसेनासं झालं. "कदी दगा न्हाई दिला यानं," म्हणाले आणि हात जोडले. मीही जोडले, अगदी मनापासून.

वीज आली. मी बटण दाबलं. जुनी मोठी मशीनं आधी स्वतःला तपासत बसतात, तेवढा वेळ पडद्यावर काहीच येत नाही.

"उठंना व्हय?" काका कुजबुजले.

"तयारी करतंय, काका."

शेवटी अक्षरं आली, भराभर, आणि खाली नाव विचारणारी चौकट. पलीकडे प्रिंटरनं खर्रकन पहिलं लेबल बाहेर टाकलं. कोणीतरी टाळी वाजवली. काकांनी माझ्या हातावर कागदात गुंडाळलेला पेढा ठेवला. "झालं बगा ताई. जा आता, सण हाय."

पेढा हातात, बॅग खांद्याला. जायला निघाले आणि पाय अडले. टिक ऐकली होती. ओढून बघितलं नव्हतं.

परत बसले. सोलारिस आपल्या तक्रारी कुठे लिहून ठेवतं ते मॅमनी सांगितलं होतं, लिनक्सपेक्षा वेगळ्या ठिकाणी. ती जागा उघडली. शेवटच्या ओळींत 'टेम्परेचर' हा शब्द. हा शब्द मला आजारपणातला माहीत होता. पुढची ओळ नीट वाचली: अजून तापलं तर मशीन स्वतःहून बंद होणार. तेव्हा कुठे माझ्या कानांना जाणवलं, पंखे किंचाळत होते. मशीनला हात लावला तर पोळला. समोर जाळी होती, जिथून ते गार हवा आत ओढतं, आणि जाळीवर काकांचा हार. पंखे इतक्या जोरानं ओढत होते, की पाकळ्या जाळीच्या भोकांत घुसून बसल्या होत्या.

"काका," मी म्हणाले, "हार काढावा लागेल."

काका म्हणाले, "आज? पूजा केलेला हार आजच काढायचा? सांजेपतुर तरी ऱ्हाऊ द्या."

"संध्याकाळपर्यंत मशीनच राहणार नाही."

"दरवर्षी घालतो. काय बी झालं न्हाई."

"दरवर्षी एवढा जाड घालता?"

फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "यंदा डबल आणला ना काकांनी. लाडकं लेकरू."

काकांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो फोर्कलिफ्टमागे गेला. मी लहान, परगावची, टीशर्टसुद्धा नसलेली, आणि सणाच्या दिवशी देवाचा हार काढा म्हणते. मी पेढ्याचा कागद घेतला आणि जाळीच्या उघड्या कोपऱ्याशी धरला. कागद चटकन जाळीला चिकटला.

"काका, हे याचं नाक आहे. तुमच्या तोंडावर उपरणं बांधलं आणि जिना चढायला लावलं तर?"

काकांनी आपला हात तिथे धरला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग चपला काढल्या, कपाळ मशीनला टेकवलं, आणि हार स्वतःच्या हातानं सोडला. "आपुन वर बांधू," म्हणाले, "गळ्यात नगं. डोक्यावर तर चालंल?"

"डोक्यावर चालेल."

हार कपाटाच्या वरच्या कडेला बांधला. अडकलेल्या पाकळ्या मी नखांनी एकेक काढल्या. हार्नेसच्या बारीक भोकांत हात घालून तयार झालेली नखं. मग परत विचारलं, किती तापलास? थोडं कमी. परत विचारलं. अजून कमी. पंख्यांचा आवाज उतरला तेव्हा काका खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले होते आणि प्रत्येक आकड्याला विचारत होते, "उतारला?"

बाहेर पहिला ट्रक निघाल्यावर मी मॅमना फोन केला. सगळं सांगितलं, किलऑल अर्ध्यात थांबवलं तेसुद्धा. ते लपवलं तर पुढे कोणीतरी ओढून बघणार आणि निघून येणार. मला वाटलं, झालं.

"तुझा साइज काय?" मॅम म्हणाल्या.

"कशाचा?"

"टीशर्टचा गं. आज दुकानवाल्याला सांगून टाकते, सणात गर्दी असते त्याच्याकडे."

"मीडियम," म्हणाले. "नाही, लार्ज. मॅम, धुतल्यावर आटतो का तो?"

मॅम इतक्या हसल्या, की काकांनाही फोनमधून ऐकू आलं.

टीशर्ट निळा होता, खिशावर पांढऱ्या दोऱ्यानं फर्मचं नाव. तो घालून पहिल्यांदा ज्या कंपनीत गेले तिथे म्हणे आणखी एक वेगळंच युनिक्स होतं, मी कधी न बघितलेलं, आणि ते कुठल्या गावचं असेल याचाच विचार करत मी गेटपर्यंत पोचले. सवयीनं बॅग उघडून दाखवली आणि बाकावर जाऊन बसले.

सिक्युरिटीवाला बघत राहिला. "मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही कशाला बसलात? जा ना आत."